रॉकेट सोडा, शिरोलीत या!

सिरॅमिकवरच्या तुमच्या लेखात त्याचं भविष्य रॉकेट आणि चिपमध्ये दाखवलंय. असेल, पण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत, आम्ही सिरॅमिक रोज साच्यात ठेवतो. सिलिकॉन कार्बाइडचा फोम फिल्टर म्हणजे काळी, जाळीदार वडी, अनारशासारखी हलकी. स्पंज सिरॅमिकच्या घोळात बुडवून भट्टीत भाजतात. स्पंज जळतो, जाळी उरते. १४०० अंशांच्या लोखंडाच्या रसात ती टिकते आणि स्लॅग (रसातली मळी) अडवते. जास्त तापणाऱ्या स्टीलला मात्र बहुतेकदा झिर्कोनियाचा (दुसऱ्या एका सिरॅमिकचा) फिल्टर लागतो. मागं स्वस्तातला लॉट घेतला, तर ओततानाच तुकडे झाले, अख्खी हीट (एका वेळी वितळवून ओतलेला माल) रिजेक्ट. (पुरवठादार अजून फोन उचलत नाही!) आता प्रत्येक खोका उघडून कोपऱ्यावर अंगठा दाबून बघतो. भुगा पडला की माल परत.