कोणत्या खात्यातून आलात?

माझ्या स्कूटरच्या पायापाशी कायम एक प्लास्टिकचं स्टूल असतं. लोकांना वाटतं, मी नुकताच घर बदलतोय. हे पाच वर्षं चालू आहे.

त्या स्टुलाचं असं आहे, की मी पुण्याच्या पेठांमधल्या हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढतो. पाटी दाराच्या वर असते. खालून कॅमेरा रोखला की अक्षरं वर निमुळती होत जातात आणि किराणा मालाचं दुकान देवळाच्या शिखरासारखं दिसतं. कॉम्प्युटरवर ते सरळ करता येतं, पण तेवढ्यात अक्षरांची अंगकाठी बदलते, आणि मी तर अंगकाठीसाठीच आलेलो असतो. म्हणून स्टूल. परक्या माणसाच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, त्यावर उभा राहणारा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ म्हणजे मी.

स्टुलावर चढल्यापासून साधारण चाळीस सेकंदांत खालून प्रश्न येतो.

“कोणत्या खात्यातून आलात?”

“कोणत्याच नाही. पाटीचा फोटो काढतोय.”

“का?”

“अक्षर छान आहे म्हणून.”

यानंतर जी शांतता पसरते तिची मला आता सवय झाली आहे. उत्तर खरं असलं तरी इतकं संशयास्पद आहे, की उद्या कुणी माझ्या घराचा फोटो काढून मला हेच सांगितलं तर मी आधी कुलूप तपासेन.

पोटासाठी मी लग्नांचे फोटो काढतो आणि मुहूर्त नसतील तेव्हा मसाल्यांची पाकिटं, क्लासची पत्रकं, लग्नपत्रिका असं डिझाइन करतो. अक्षरांचं वेड पत्रिकांमधून लागलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, की ‘चि.’मधला इकार ‘च’च्या पुढे जाऊन बसतो आणि ‘र्‍य’ची तर हाडंच मोजून घ्यावी लागतात. असे हजारो इकार मी हाताने उचलून जागेवर बसवले आहेत. मग २०२० साल आलं. लग्नं बंद झाली. जुलैमध्ये कमल शेडगे गेल्याची बातमी वाचली. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती मी लहानपणी नाटकासाठी नाही, त्यांनी काढलेल्या नावांसाठी बघायचो. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवणारा माणूस. त्या संध्याकाळी मी ठरवलं, की हाताने काढलेली अक्षरं गावात उरली आहेत तोवर टिपून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो आणि पुढचे तीन आठवडे या प्रकल्पाचा लोगो करत बसलो. डिझायनर माणसाचं असंच असतं. पाळणा रंगवून होईपर्यंत मूल शाळेत जायला लागतं.

पहिला गैरसमज ‘पुणेरी पाट्यां’चा. “आमच्या जिन्यात एक आहे बघा, भन्नाट!” म्हणून लोक हौसेने आत नेतात आणि चपलांबद्दलचा एक अपमान दाखवतात. मी म्हणतो, मला विनोद नकोय, अक्षर हवंय. यावर त्यांचा चेहरा असा होतो, की जिलबी वाढायला यावं आणि पाहुण्याने ताटाचं कौतुक करावं.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर. पेठांमधले वाडे म्हणजे अर्धी वस्ती आणि अर्धे दावे. शनिवार पेठेत मी एकदा स्टुलावर चढलो तर वरच्या खिडकीतून एक आजोबा गरजले, “मालकांनी पाठवलं ना? सांगा त्यांना, आम्ही हलणार नाही!” मी म्हटलं, आजोबा, मी फोटोग्राफर आहे. “हो, मागच्या वेळीही फोटोग्राफरच आला होता. भिंतीच्या भेगांचे काढून गेला.” त्यांनी खिडकी लावून घेतली. दोन मिनिटांनी उघडून विचारलं, “बिल्डर कोण आहे ते तरी सांगा.”

यावर उपाय म्हणून मी कार्ड छापलं. ‘हस्तलिखित दुकान-पाट्या दस्तऐवजीकरण प्रकल्प’. झालं! इतकं कंटाळवाणं नाव सरकारशिवाय कोण ठेवणार? जे आजवर विचारत होते, त्यांची आता खात्री पटली.

माझे सुगीचे दिवस आले ते २०२३ मध्ये. मराठी पाट्यांचा विषय तापलेला होता. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. नाव देवनागरीत हवं आणि ते दुसऱ्या लिपीतल्या नावापेक्षा लहान नको, असा कायदा. आणि मी नेमका त्या नोव्हेंबरात अक्षरांची उंची टेपने मोजत फिरत होतो! जिथे मला “ओ, खाली उतरा” म्हणत, तिथे चहा आला. एकाने स्टूल डगमगू नये म्हणून स्वतः धरलं. एकाने तर मी न विचारताच सांगितलं, “साहेब, इंग्रजी साडेसात इंच आहे, मराठी आठ.” त्या महिन्यात मी जितक्या पाट्या टिपल्या तितक्या त्याआधीच्या वर्षभरात टिपल्या नव्हत्या. गैरसमज दूर करणं माझं कर्तव्य होतं, हे मान्य. पण चहा वेलचीचा होता.

उन्हाची गोष्ट वेगळीच. दुपारी एक ते चार दुकानं बंद, समोर गाड्या कमी, विचारायला कुणी नाही; फोटोग्राफरला याहून मोठं सुख नाही. पण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि वरच्या पत्र्याची सावली बरोबर शिरोरेषेपासून खाली अर्ध्या अक्षरापर्यंत येते. सकाळी ऊन छान तिरपं असतं, तेव्हा पाटीसमोर दुधाचा टेम्पो. संध्याकाळी ऊन सोनेरी असतं, तेव्हा पाटीवर ‘भव्य सेल’ लोंबत असतं.

आई म्हणते, “गावभरच्या पत्र्यांचे फोटो काढलेस. बँकेला द्यायला माझा एक बरा फोटो नाही.” तो मी मागच्याच आठवड्यात काढून दिला. तिला आवडला नाही. पाटीसारखा सपाट आलाय म्हणाली.

आता त्या एका पाटीबद्दल सांगतो. नारायण पेठेत कडधान्यांचं दुकान आहे. नाव सांगत नाही, पण नावात दोन ‘ल’ आहेत. मराठी ‘ल’ म्हणजे पाकळीचा, दोन्ही पाकळ्या मधोमध एकमेकींना टेकलेल्या. हल्ली फ्लेक्सवर सर्रास दिसतो तो दांडीचा, हिंदी वळणाचा. या पत्र्यावरचे दोन ‘ल’ असे होते, की पेंटरने ब्रश दाबत आणला, वळणावर श्वास धरला आणि टोकाला सोडून दिला, ते तीनही क्षण दिसावेत. लाल रंग, पिवळी आउटलाइन, खाली उजवीकडे काळी शेड. कोपऱ्यात पेंटरची सही, तीही अर्धी खरवडलेली. फक्त ‘आर्ट्स’ उरलेलं. दुकानातले काका म्हणाले, “बाबांनी करून घेतली. पेंटर तीन दिवस इथेच जेवला.”

मी तिथे अकरा वेळा गेलो. बाराव्या वेळी काकांनी विचारलं, “तुम्ही डिझाइन पण करता ना? मग आम्हाला एक नवीन बोर्ड करून द्या. लाइटवाला.”

माझ्या घशाला कोरड पडली. मी पाटीचं महत्त्व सांगितलं, परंपरा सांगितली, पाकळी सांगितली. काका शांतपणे ऐकून म्हणाले, “ते सगळं खरं. पण रात्री दिसत नाही.” आणि पुढे, “तुम्हाला जमत नसेल तर कोपऱ्यावरचा करतो. चौरस फुटावर घेतो.”

कोपऱ्यावरचा! म्हणजे दांडीचा ‘ल’. मी ताबडतोब होकार दिला. पत्र्यावरची अक्षरं फोटोवरून जशीच्या तशी उतरवली, चार रात्री पाकळ्यांवर घालवल्या. छापणाऱ्याच्या मशीनवर फाँट बदलू नये म्हणून सगळ्याचं आउटलाइनमध्ये रूपांतर केलं आणि फाइल दिली. पैसे घेतले नाहीत. अपराधीपणाचं बिल कसं लावणार?

बोर्ड लागला त्या दिवशी बघायला गेलो. अक्षरं आडवी ताणलेली होती. “साइडला जागा रिकामी राहत होती, म्हणून ताणलं,” असं छापणाऱ्याने काकांना सांगितलं होतं. डावीकडे काकांच्या बाबांचा फोटो, भोवती गुलाब. आणि खाली त्याने स्वतःच्या कल्पनेने एक ओळ टाकली होती: ‘सर्व माल होलसेल भावात मिळेल.’ माझे पाकळीचे दोन, त्याचे दांडीचे चार.

“छान झालाय ना?” काका म्हणाले. “सगळे विचारतात कुणी केला. तुमचंच नाव सांगतो.”

मी जुन्या पत्र्याची चौकशी केली. तो मागच्या गोदामावर गेला होता, गळत होतं तिथे. “रंगाची बाजू आतून घेतलीय,” काका म्हणाले, “पावसाने खराब नको व्हायला.”

गोदामात तूरडाळीची पोती रचलेली होती. मी त्यांवर उताणा पडलो. बरोबर डोक्यावर दोन लाल ‘ल’, पिवळ्या कडेसकट. सावली नाही, टेम्पो नाही, स्टूल नाही. काकांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि हात उंच करून धरली.

“डावीकडून घ्या. त्या बाजूला रंग बरा आहे.”

मी घेतले. पाठीखाली डाळ सरकत होती.

“झाले की मलाही पाठवा,” काका म्हणाले. “पुढच्या वेळी फ्लेक्स केला की बाबांच्या मागे टाकू. गुलाबाऐवजी.”