उंच गवत उपटायच्या आधी

“घराजवळ उंच गवत म्हणजे सापाला आवतण, डासांचं घर आणि विहिरीच्या पाण्याचा चोर. एकदा लावलं की सगळं आवार खातं. उपटा आणि गट्टू (अंगणात बसवायचे सिमेंटचे ठोकळे) बसवा!” पावसाळा लागला की हा मेसेज आपल्या इकडच्या गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो.

साप आधी घेऊ, खरी भीती त्याचीच. साप येतो उंदीर-बेडकांमागं, आणि उंदीर असतात धान्याच्या कोठीत, कुटारात, सरपणाखाली. ते ढीग भिंतीला तसेच ठेवून नुसते गट्टू बसवले तर काय साधलं? दाट गवतात साप दडतो, हे मात्र खरं. म्हणून दाराशी किंवा न्हाणीच्या वाटेवर गवत नको. कुंपणाकडेला लावा आणि बुडखे मोकळे ठेवा. वाळ्याच्या, म्हणजे सुवासिक मुळांच्या खस गवताच्या, वासानं साप पळतो म्हणणारेही तेवढीच थाप मारतात.

डास साचलेल्या पाण्यात होतात, गवतात नाही. डेंग्यूचा डास कूलरच्या टाकीत नाही तर रांजणात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आधी ती टाकी कोरडी करा.

पाण्याची चोरी? वाळ्याची मुळं फारशी आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दहा-दहा फूटसुद्धा. उताराला आडवी दाट ओळ लावली की पावसाचं पाणी थबकतं, गाळ मागं राहतो आणि पाणी मुरतं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेनं आपल्या देशात माती अडवायला याच ओळींचा पुरस्कार केला होता. शिवाय न्हाणीचं सांडपाणी त्याला चालतं, विहिरीचं लागतंच असं नाही.

“एकदा लावलं की सगळं आवार खातं” हा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. आश्विनात कांस गवताचे पांढरे तुरे पाहून कोणालाही मोह होईल. पण त्याची खोडं जमिनीखालून पळतात आणि वावरात शिरला तर नांगरालाही दाद देत नाही. कुंदा, वावरातलं ते चिवट तण, तर विचारूच नका. कुसळी गवताचं दुखणं वेगळं: तिचं कुसळ ओल लागताच पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा वळतं, आणि तसं फिरत फिरत धोतरात, शेळीच्या कातडीत शिरतं. लेकरंबाळं असलेल्या घरी ती नकोच. वाळा आणि तिखाडी मात्र जागच्या जागी ठोंबानं वाढतात. लागवडीचा वाळा बहुधा उगवणारं बी धरत नाही, फुटवेच लावावे लागतात. तिखाडी, म्हणजे रोशा तेलाचं गवत, पिकू लागली की तिचे तुरे तांबूस होतात. दारातल्या शोभेला मी तीच निवडेन.

उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेट घेतं, हेही खरं. होळीच्या आधी वीतभर ठेवून कापा. गोठा शाकारायला कामी येतं. आणि वाळ्याचे फुटवे लावायचे तर मृगाचा पाऊस नीट लागू द्या, पहिल्या सरीला भुलू नका.