लाकूड कुठाय?

तर झालं असं की मी बंदूक केली. विकत नाही घेतली, केली. हे वाक्य फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर चार मिनिटं कोणीच काही बोललं नाही, मग आत्याने नुसते हात जोडले आणि आईचा थेट व्हिडिओ कॉल आला, "अरे, नोकरीवर सगळं ठीक आहे ना?"

नोकरीवर सगळं ठीक आहे. आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत, जिथे एका बाजूला आमचं ऑफिस आणि दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या. आणि ही जी बंदूक आहे ती ह्याच मातीतली. जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी अठराव्या शतकात त्यांची ती आखूड, जाड नळीची येगर रायफल इथे लांब आणि सडपातळ केली, बेचाळीस-बेचाळीस इंच नुसती नळी, आणि तिला म्हणतात लाँग रायफल. लोक केंटकी रायफल पण म्हणतात, पण केंटकीत ती वापरणारे गेले, करणारे बहुतेक इथेच, पेनसिल्व्हेनियात बसलेले, म्हणजे राबली सून आणि नाव झालं नणंदेचं. आपल्याकडच्या भाषेत ही ठासणीची बंदूक. वरून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, कानात, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी, रंजक म्हणजे पेटवायची बारीक दारू घालायची, आणि चाप ओढला की चकमकीची ठिणगी पडली तर पडली.

ठासणीची बंदूक मी लहानपणी आजोळी सिंधुदुर्गात बघितलेली होती. मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची होती, दस्ता चिरलेला आणि तांब्याच्या तारेने आवळलेला, आणि दर निवडणुकीला ती पोलीस स्टेशनात जमा करायला लागायची म्हणून मामा दर निवडणुकीला चिडायचा. त्याला मी सांगितलं की इथल्या फेडरल कायद्यात, १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये, ठासणीची बंदूक फायरआर्ममध्ये धरतच नाहीत, अँटिकमध्ये जाते. मामा बराच वेळ गप्प होता. मग मी त्याला दस्त्यावर कोरायच्या नक्षीचा फोटो पाठवला तर म्हणाला, "नक्षी बघून डुकर पळतलो काय रे?"

हाच तो मुद्दा. नक्षी. कारण बंदूक करण्यात माझा खरा जीव तिच्यात अडकला होता, आणि खरी फजितीही तिथेच झाली.

जुन्या लाँग रायफलींच्या दस्त्यावर, गाल टेकवायला जो उंचवटा असतो त्याच्या मागे, उठावाचं कोरीव काम असायचं. रोकोको पद्धतीचं, इंग्रजी सी आणि एस सारख्या वेलांट्या, ज्यांना स्क्रोल म्हणतात, त्यातून फुटलेली पानं. लँकेस्टरात जेकब डिकर्ट म्हणून एक मोठा कारागीर होऊन गेला, जन्म १७४० जर्मनीतला, वारला १८२२ ला, त्याच्या बंदुका आज लोक काचेत ठेवतात. मी तशी एक काचेतून बघितली आणि मनात म्हटलं, ह्यात काय आहे, मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिलेल्या आहेत. (इंटरमिजिएटला सी ग्रेड. तेव्हा कळलं नाही, पण नियती सी स्क्रोलचीच तयारी करून घेत होती.)

शिकवायला भेटले ते एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, आयुष्यभर गाई सांभाळल्या आणि आता गोठ्याच्याच अर्ध्या भागात बंदुका करतात. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणतो. मास्तर बोलतात कमी. आठवड्यातून एकदा, शनिवारी, मी आपला दस्ता गोधडीत गुंडाळून गाडीत घालायचा आणि त्यांच्याकडे जायचं. दस्ता मेपलचा, तोसुद्धा कर्ली मेपल, म्हणजे लाकडात वाघासारखे आडवे पट्टे असतात.

नळी बसवली, कळ बसवली, चाप बसवला, हे सगळं जमलं कसंबसं. मग दस्त्याला आकार द्यायचा. मास्तर म्हणाले घरी कर आणि घेऊन ये. आता मी इंजिनियर माणूस, अर्धवट काम आपल्याला बघवत नाही, मी तीन वीकेंड गॅरेजमध्ये बसून रंधा मारला, कानस मारली, मग पॉलिशपेपर, ऐंशीचा, मग एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा, बायको म्हणाली जेवायला ये तर म्हटलं दोन मिनिटं, ती दोन मिनिटं रात्री साडेअकराला संपली. दस्ता असा झाला होता की हात फिरवला तर बाळाची पाठ. मी फुलून गेलो होतो अगदी.

शनिवारी गोधडी उघडली. मास्तरांनी दस्ता उचलला, उजेडात धरला, गालाच्या मागे अंगठा फिरवला, परत फिरवला.

"कोरीव काम कुठाय?"

"अजून केलेलं नाही," मी उत्साहात.

"ते दिसतंय. कशात करणार?"

मला कळेना. मग त्यांनी मला समजेल अशा बेताने, हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. उठावाची नक्षी वरून चिकटवत नाहीत. आजूबाजूचं लाकूड खाली घेतात आणि नक्षी मागे उरते. म्हणजे जिथे नक्षी यायची तिथे आकार देतानाच थोडं लाकूड जास्तीचं ठेवायचं असतं. आणि ते जास्तीचं लाकूड मी तीन वीकेंड खपून, दोनशेवीसच्या पेपरने, प्रेमाने, व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत भरलं होतं.

"लाकूड कुठाय?" मास्तर परत म्हणाले, आता जरा स्वतःशीच.

उपाय निघाला. गालाच्या मागचा सगळाच भाग किंचित खाली घ्यायचा आणि पुढे कडेपर्यंत विरत न्यायचा, म्हणजे डोळ्याला खड्डा वाटणार नाही. पण उठाव मिळणार तो फार तर एक बत्तिसांश इंच. मी घरी येऊन मिलिमीटर काढले, ०.८ च्या आत-बाहेर. एटीएम कार्डाची जाडी. अख्खी रोकोको परंपरा मला एका एटीएम कार्डात बसवायची होती. मास्तर म्हणाले, काळजी नको, जुन्या चांगल्या कामात पण उठाव फार नसतो, सावली पडली की झालं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का खरंच, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मग कोरायला सुरुवात होईल असं मला वाटलं होतं तर नाही, पटाश्यांना धार. पुढचे तीन शनिवार धार. सपाट पटाशी, गोल पटाश्या वेगवेगळ्या बाकाच्या, एक व्ही आकाराची जिला धार लावताना मी देवाचं नाव घेतलं आणि नंतर दुसरी काही नावं पण घेतली. धार आली का हे बघायचं तर हातावरचे केस काढून बघायचे. चौथ्या आठवड्यात माझा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आणि उजवा तसाच, आणि उन्हाळ्याचे दिवस, हाफ शर्ट, ऑफिसात एका पोरीने खूप हळुवार आवाजात विचारलं की काही स्किन ट्रीटमेंट चालू आहे का.

मग सराव, मेपलच्याच तुकड्यांवर. असे अकरा तुकडे झाले. पहिल्या तुकड्यावरचा स्क्रोल जिलबीसारखा, दुसऱ्यावरचा कोळंबीसारखा, पाचव्यावर प्रश्नचिन्ह आलं आणि ते मला आवडलं कारण ते प्रामाणिक होतं. आमच्याकडे सध्या कुकर, कढई, चहाचं पातेलं सगळं काही माझ्या नक्षीवर टेकवलं जातं. पाहुणे आले की बायको सांगते, "हा सगळा त्याचा बंदुकीचा अभ्यास," आणि पाहुणे उगाच घाईने चहा संपवतात.

आता प्रत्यक्ष कोरणं, हे जरा सांगतोच. पेन्सिलने आखलेल्या रेषेवर त्याच बाकाची गोल पटाशी उभी धरायची आणि लाकडी मोगरीने टक् करून बसवायची, खोल नाही, फक्त रेषा कापली जाईल इतकी. टक्, सरकवा, टक्, सरकवा. आधीच्या खुणेत पटाशीचं टोक बसलं तर वळण सलग येतं, केसभर हुकलं तर वळणाला कोपरा येतो आणि तो कोपरा जन्मभर तुमच्याकडे बघतो. मग बाहेरच्या बाजूने सपाट पटाशीने जमीन खाली घ्यायची, पातळ पातळ ढलप्या काढत. पेन्सिल शार्पनरमधून निघतात ना, तशा निघायला हव्यात. कर्ली मेपलमध्ये निघत नाहीत. ते वाघाचे पट्टे दिसतात छान, पण ते पट्टे म्हणजे लाकडाचा रेषा वर-खाली लाटांसारखा गेलेला असतो, त्यामुळे तुम्ही रेषेच्या बाजूने चाललेले असता आणि अर्ध्या इंचाने तोच रेषा तुमच्या विरुद्ध, म्हणजे दर अर्ध्या इंचाला पक्ष बदलणारं लाकूड आहे हे, आपल्याकडे असतं तर मंत्री झालं असतं. तुम्ही ढकलत असता मुकाट आणि अचानक कच्च आवाज होतो आणि जिथे ढलपी निघायची तिथे खड्डा.

मला खड्ड्याचं काही नाही. माझं गेलं ते टोक. मोठ्या सी स्क्रोलचं आतलं टोक, जिथे वेलांटी गोल गोल येऊन छोट्या मण्यात संपते, तो मणी. रात्रीचे दहा, शेवटचा टक्, आणि मणी उडाला. उडताना दिसला मला, दिव्यात चमकला पण, आणि गॅरेजच्या फरशीवर कुठे गेला ते फक्त त्यालाच माहीत. साबुदाण्याएवढा तुकडा. मी मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यावर, लेक आला, तोही गुडघ्यावर, म्हणे बाबा मॅग्नेट आणू का, म्हटलं लाकूड आहे रे, म्हणे मग नखं, खिळे तरी मिळतील. अर्ध्या तासात आम्हाला दोन स्क्रू, एक लेगो आणि मागच्या दिवाळीतली एक शेव मिळाली. शेवटी मणी माझ्याच स्वेटरच्या बाहीत निघाला. चिमट्यात धरून, सुपरग्लूचा एक थेंब, श्वास रोखून बसवला. सोबत माझं बोट पण बसलं.

शनिवारी मास्तरांना मी गुन्हा कबूल केला. ते उठले, फळीवरून तंबाखूचा एक जुना डबा काढला आणि उघडून दाखवला. आत पन्नासेक वर्षांच्या उडालेल्या ढलप्या, टोकं, पानांचे शेंडे. "हे मला वेळेत सापडले नाहीत," म्हणाले आणि डबा बंद करून ठेवून दिला. मला वाटतं त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण ते.

रंगाचं थोडक्यात. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये लोखंड विरघळवलेलं एक पाणी असतं, अ‍ॅक्वा फोर्टिस म्हणतात, ते दस्त्याला फासायचं. फासल्यावर सहा महिन्यांची मेहनत शेवाळलेल्या बादलीसारखी दिसायला लागते, पोटात गोळा येतो अगदी. मग हीट गनने शेकत जायचं, आणि शेकता शेकता ते हिरवट एकदम तांबूस होतं आणि आतून ते पट्टे उमटतात, जणू कोणी मागून दिवा लावला. मी आरडाओरडा करून बायकोला बोलावलं. ती गॅरेजच्या दारातूनच म्हणाली, "छान आहे, पण खिडकी उघड." त्यावर जवसाचं तेल, हाताने, रोज थोडं.

आणि मग आईला दाखवलं. कॅमेरा जवळ नेला, तिरपा उजेड टाकला, सावली पडली बरोबर. मोठा सी, त्यातून निघालेला एस, दोन पानं बाजूला. आईने चष्मा लावला आणि एकदम हात जोडले.

"अगं बाई, गणपती! किती सुरेख काढलायस रे!"

मी म्हटलं आई, गणपती नाही, रोकोको. ती म्हणाली काही का असेना, ही सोंड, हे दोन कान, आणि सोंडेच्या टोकाला मोदक. तो सुपरग्लूवाला मणी. आणि एकदा तिने दाखवल्यावर मला दुसरं काही दिसेचना, आजतागायत दिसत नाही. बरं एवढ्यावर थांबावं ना, तर तिचा चेहरा बदलला. "सोंड उजवीकडे आहे रे. उजव्या सोंडेचा कडक असतो. सोवळ्यात ठेवायला लागेल. खाऊन-पिऊन हात लावायचा नाही त्या बंदुकीला. आणि शिकार तर अजिबात नाही."

मी ठोकून दिलं की कॅमेऱ्यात उलटं दिसतं, प्रत्यक्षात सोंड डावीच आहे. मागून लेक म्हणाला, "नो बाबा, आपल्याला उलटं दिसतं, समोरच्याला सरळच दिसतं." ह्या पोराला आम्ही कोडिंगच्या क्लासला घातलंय.

"देव्हाऱ्याचा कोपरा तुटलाय तो दोन वर्षं सांगतेय," आई जाता जाता म्हणाली, "तेव्हा तुला पटाशी धरता येत नव्हती."

शिकार मी करणारच नव्हतो. इथे ख्रिसमसनंतर फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी हरणाचा वेगळा सीझन असतो, आणि मास्तर मला चल म्हणत होते, आता त्यांना काय सांगू, उजव्या सोंडेचा आहे म्हणून येत नाही?

खंडेनवमीला मात्र मजा आली. आमच्याकडे दरवर्षी शस्त्रपूजेला लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर आणि विळी असते. ह्या वर्षी पहिल्यांदा खरं शस्त्र. पाटावर आडवी मावेना, पाच फुटांवर लांबी, म्हणून दोन पाट. बायकोने हळद-कुंकू वाहिलं, सढळ हाताने, नेमकं नक्षीवर, आणि दस्त्याला आदल्या रात्रीचं तेल अजून ओलसर होतं. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं तर वरचं गेलं, खाचांतलं गेलं नाही. ब्रशने घासलं, तरी नाही. कडेकडेने, पानांच्या शिरांत, सगळीकडे काळपट लाल रेघ. आता शनिवारी मास्तरांना काय तोंड दाखवायचं.

मास्तरांनी दस्ता उचलला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. चष्मा कपाळावर ढकलून डोळे नक्षीला टेकवले. जुन्या बंदुकींच्या खाचांत दोनशे वर्षांचा मळ आणि तेल साठून नक्षी कशी उठून दिसते हे ते मला अनेकदा दाखवायचे.

"हा कुठला स्टेन?"

"कुंकू," मी म्हटलं. "इंडियन ग्रोसरीत मिळतं. अगरबत्तीच्या शेजारी."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, मला एकेक अक्षर सांगायला लावलं आणि फळीवर लिहून घेतलं, अ‍ॅक्वा फोर्टिसच्या खाली.