‘झाकलेली टोपी’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘झाकलेली टोपी’ हा माझा लेख, ज्यूंच्या धरपकडीतला आपल्याच पोलिसांचा हात फ्रान्सनं १९५६ मध्ये कसा झाकला, यावर होता. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात खुर्चीत बसून १९४२ च्या फ्रेंचांना जाब विचारणं सोपं आहे, डोक्यावर जर्मन बंदूक असती तर आपण काय दिवे लावले असते? शिवाय फ्रान्समधले तीन-चतुर्थांश ज्यू वाचले, हे मी लिहिलंच नाही.

दुसरा मुद्दा एकदम मान्य. सुमारे ७६,००० ज्यूंना पूर्वेकडे, जर्मनांच्या छळछावण्यांत पाठवलं आणि त्यातले जेमतेम अडीच हजार परतले, एवढंच मी लिहिलं. बाकीचे का वाचले, ते राहून गेलं. शेतकऱ्यांनी, पाद्र्यांनी, शेजारणींनी पोरं लपवली होती. ही माझी चूकच.

बंदुकीचं मात्र पटत नाही. १६-१७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये १३,१५२ ज्यू पकडले, त्यात चार हजारांवर मुलं. दार वाजवणारे पोलीस फ्रेंच होते आणि त्यांच्या हातातले पत्तेही फ्रेंच पोलिसांनीच तयार केलेल्या कार्डांवरचे. आईबापांबरोबर मुलंही न्या, हे तर पंतप्रधान लावालनं आपणहून सुचवलेलं.

पण समजा, तेव्हा सगळे भेदरले होते. मग १९५६ मध्ये कुणाची भीती होती? माझा लेख त्या सालाबद्दल होता, तुम्ही वाद घालताय १९४२ शी. आलाँ रेनेच्या छळछावण्यांवरच्या माहितीपटात पितिव्हिएच्या छावणीचा एक फोटो होता. पहाऱ्यावरचा शिपाई पाठमोरा, डोक्यावर केपी. ती टोपी दिसली की माणूस फ्रेंच, हे शेंबडं पोरही सांगेल. सेन्सॉरनं अडवलं. शेवटी फोटोवर एक तुळई रंगवून टोपी झाकली. प्रेतांचे ढीग चालले, टोपी चालली नाही!

आणि पॅरिसच्या पोलिसांचं काय झालं? ऑगस्ट १९४४ मध्ये, दोस्त सैन्य दाराशी आल्यावर, ते जर्मनांविरुद्ध उठले आणि शौर्यानं लढले, हेही खरंच. मुक्त फ्रान्सचे नेते द गॉल यांनी अख्ख्या दलाला लेजियाँ दॉनर, म्हणजे फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान, दिला. तो उठाव लक्षात राहिला, जुलैतली ती पहाट नाही. त्याच दिवसांत गावोगावी चौकात बायकांची डोकी भादरली जात होती, जर्मनांशी संबंध ठेवले म्हणून. अशा सुमारे वीस हजार बायका. बोर्दोच्या प्रांतकचेरीतून ज्यूंना पाठवण्याच्या कागदांवर सह्या करणारा मॉरिस पापाँ मात्र पुढे पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला, मग अर्थसंकल्पाचा मंत्री. त्याला शिक्षा झाली १९९८ मध्ये. साहेबांना बढती, बायकांना वस्तरा. विस्मरण म्हणायचं तर हे फारच निवडक झालं.

यामागचा कायदेशीर युक्तिवाद मोठा सोयीचा होता. जर्मनांशी हातमिळवणी केलेलं युद्धकाळातलं विशी सरकार हे फ्रान्स नव्हतंच, ते १९४४ च्या अध्यादेशानं रद्दबातल ठरलं, मग प्रजासत्ताकानं माफी कशाची मागायची? राष्ट्राध्यक्ष मितराँ शेवटपर्यंत हेच धरून बसले. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९९५ मध्ये राज्याची जबाबदारी कबूल केली, तोवर त्या धरपकडीला त्रेपन्न वर्षं उलटली होती.

मी त्या जागी काय केलं असतं? बहुधा गप्प बसलो असतो. म्हणून तर दार वाजवणाऱ्या साध्या शिपायाबद्दल मी लेखात फार कडक लिहिलं नाही. पुन्हा वाचून पाहा.

वाचलेल्यांचा आकडा आज लेखात घालतोय. शीर्षक बदलणार नाही.