लोऊ ये यांच्यावरची ‘आजन्म’ बंदी

माझी भाची तिच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात चिनी दिग्दर्शक लोऊ ये यांच्यावर बोलणार आहे. टिपणांच्या पहिल्याच पानावर तिने व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर जसाच्या तसा उतरवला होता: ‘अश्लीलतेमुळे चीनने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली, तेव्हापासून ते परदेशातच चित्रपट काढतात आणि मायदेशात त्यांचा एकही चित्रपट लागलेला नाही.’

बंदी आजन्म नव्हती, पाच वर्षांची होती. त्यांचा ‘समर पॅलेस’ हा चित्रपट २००६ मध्ये सरकारी परवानगीविना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला, हे बंदीचे अधिकृत कारण. त्यात उघडी शरीरे आहेत आणि १९८९ चे तिआनानमेन चौकाचे विद्यार्थी आंदोलनही आहे. अधिकाऱ्यांना ते खुपले नसेल, असे मीही म्हणणार नाही.

‘परदेशातच’ हेही खोटे. पॅरिसमध्ये त्यांनी एक चित्रपट केला खरा, पण ‘स्प्रिंग फीव्हर’ बंदीच्याच काळात चीनमधल्या नानजिंग शहरात चित्रित झाला आणि २००९ मध्ये कानला त्याच्या पटकथेसाठी मेई फेंग यांना पुरस्कार मिळाला.

एकही चित्रपट लागला नाही, हे विधान मात्र निव्वळ हास्यास्पद आहे. बंदी संपल्यावर त्यांनी वूहान शहरात ‘मिस्ट्री’ केला. त्यात एक गृहिणी मुलीच्या निमित्ताने ओळख झालेल्या बाईबरोबर कॉफी घेत बसलेली असते. ती बाई आपल्या नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाबद्दल सांगत असते आणि तेवढ्यात गृहिणीला खिडकीतून स्वतःचाच नवरा एका तरुणीबरोबर हॉटेलात शिरताना दिसतो. लोऊ ये यांचा सगळा जीव अशा शहरी संसारांत आहे. त्यांना ‘अश्लील’ म्हणून निकालात काढणाऱ्याने हे दृश्य पाहिलेले नसावे. हा चित्रपट २०१२ मध्ये चीनच्या चित्रपटगृहांत लागला. त्याआधी आधीच संमत झालेल्या प्रतीत पुन्हा काटछाट मागण्यात आली आणि हातोड्याने केलेल्या खुनाच्या दृश्यावर आक्षेप घेण्यात आला. ही सगळी घासाघीस लोऊ ये यांनी स्वतः वेबो या चिनी समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडली, तेव्हा याहून भक्कम पुरावा शोधण्याची गरज नाही. पुढे २०१४ मध्ये ‘ब्लाइंड मसाज’ही तिथे प्रदर्शित झाला.

भाचीने ‘आजन्म’ खोडले, पण ‘मग सुरुवात फिकी होते’ अशी कुरकुर केली. मी तिला ‘मिस्ट्री’पासूनच सुरुवात करायला सांगितले: चित्रपट लागला, पण बदलांच्या निषेधार्थ त्या प्रतीवरून दिग्दर्शकाने आपले नाव काढून घेतले.