ओनरशिप कोणाची, सही कोणाची

जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर अधूनमधून एकच वाद पेटतो: हल्लीच्या पोरांना ओनरशिप नाही, काम आपलं मानत नाहीत. सुरुवात बहुधा एखादे साहेब करतात. म्हणे, पोरं सहा वाजले की लॅपटॉप मिटतात, सॉफ्टवेअर रिलीजच्या रात्री फोन उचलत नाहीत, ‘माझं मॉड्यूल झालं’ म्हणून मोकळे होतात. लगेच अंगठ्यांची रांग लागते. मग कोणीतरी नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये सांगितलेले आठवड्याचे ७० तास काढतो, दुसरा एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९०. आणि सगळ्यांचं बोलून झालं की कोणाला तरी आठवतं, अरे, ही जर्मनीत असते. “तिकडे कसं असतं गं?”

सांगते. पण आधी साहेबांना एक विचारायचं आहे. ज्या पोराला ओनरशिप नाही म्हणता, त्याच्या हातात नक्की काय दिलं होतंत? तारीख विक्रीवाल्यांनी आधीच कबूल केलेली. माणसं रिसोर्स मॅनेजरने दिलेली, त्यातली दोन अजून जुन्या प्रोजेक्टवर ‘पन्नास टक्के’. बजेट त्याला दिसत नाही. क्लायंटने शेवटच्या आठवड्यात मागितलेला बदल नाकारायची मुभा नाही. स्टेटस लाल, म्हणजे काम धोक्यात, दाखवला तर ‘आत्ता अंबर (पिवळा) ठेव, मग बोलू’. असे प्रोजेक्ट म्हणजे कलिंगडं, बाहेरून हिरवीगार आणि आत लाल. चिरलं की एस्कलेशनच्या, म्हणजे वरच्यांकडे तक्रारीच्या, मेलमध्ये मात्र नाव त्याचं एकट्याचं. ठरवायचं तुम्ही आणि निस्तरायचं त्याने, याला मी ओनरशिप म्हणणार नाही.

इथे प्रोजेक्ट सुरू होतानाच्या किक-ऑफ बैठकीत अर्धा वेळ भांडणातच जातो. कुठलं काम कोणाचं, सही कोणाची, तो नसेल तेव्हा कोणाची. प्रोटोकोलमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, प्रत्येक ओळीपुढे एक नाव आणि एक तारीख. दोन नावं लिहिली की कोणीतरी एक खोडायला लावतंच. ‘हे माझं नाही’ असं माणूस सरळ तोंडावर सांगतो आणि कोणी दुखावत नाही. तीन आठवडे उर्लाउबवर, म्हणजे सुट्टीवर, गेलेल्याच्या ऑटो-रिप्लायमध्ये बदली माणसाचं नाव असतं, आणि त्या बदली माणसाला खरोखर सही करता येते. परवा माझ्या टीममधली एक मुलगी, नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही, प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या स्टिअरिंग कमिटीला म्हणाली, ही तारीख मी देणार नाही. त्यांनी विचारलं, मग कोणती देशील? तिने सांगितली. पुढचा विषय.

हे ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं: ‘तिकडे लोकसंख्या कमी आहे.’ कमी लोकसंख्येचा आणि प्रोटोकोलमधल्या एका नावाचा संबंध काय, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.

आणि मग सतीश धवनांची गोष्ट येते. दर वेळी येते. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्प संचालक कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष धवन, आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलामांना पुढे केलं. गोष्ट खरी आहे, कलाम स्वतः सांगत. पण ते आणखीही एक सांगत, जे फॉरवर्डमध्ये सहसा नसतं: उड्डाणाआधी संगणकाने काउंटडाउन थांबवला होता. तज्ज्ञांशी बोलून, संगणकाला बाजूला सारून पुढे जायचं ठरवलं ते कलामांनी. म्हणजे निर्णय घ्यायचा हक्क खरोखर खाली दिलेला होता. तो निर्णय चुकला तेव्हा दोष मात्र वर गेला. आमच्या ग्रुपवर ही गोष्ट टाकणाऱ्या साहेबांपैकी कितीजण एखाद्या टीम लीडला ‘थांबवायचं की सोडायचं, तू ठरव’ म्हणतील? पत्रकार परिषदेचं मग बघू.

दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांचं उदाहरण कोणी देत नाही. जुलै २००९ मध्ये दिल्लीत झमरूदपूरला मेट्रोचं बांधकाम कोसळून माणसं गेली, तेव्हा त्याच दिवशी त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला होता. तो स्वीकारला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणजे हे आपल्याला येत नाही असं नाही.

आता जे मी ग्रुपवर लिहीत नाही ते.

बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ ला उघडायचा होता. जेमतेम चार आठवडे आधी जाहीर झालं की आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा तयार नाही. उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. संपूर्ण काम एका कंत्राटदाराला न देता तुकडे करून वाटलं होतं, आणि पर्यवेक्षक मंडळात राजकारणी. मंडळाचं अध्यक्षपद २०१३ च्या सुरुवातीला बर्लिनच्या महापौरांकडून शेजारच्या ब्रांडेनबुर्गच्या मुख्यमंत्र्यांकडे गेलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी फिरून महापौरांकडेच आलं. प्रोटोकोल तिथेही लिहिले गेलेच असणार, नीट, तारखेनिशी. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत सॉफ्टवेअरने फसवल्याचं फोक्सवागनचं प्रकरण तर त्याहून वाईट. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख तिथल्या संसदीय समितीसमोर म्हणाले की हे काही मोजक्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचं काम. ते वाचलं तेव्हा मला आमचे जुने साहेबच आठवले. तेच ते, फक्त सूट जास्त चांगला.

हे मी ग्रुपवर का लिहीत नाही? कारण लिहिलं तर ‘बघ, सगळीकडे सारखंच’ म्हणतील, विषय संपेल, आणि मला विचारायचं काही कारणच उरणार नाही. विचारलेलं मला आवडतं. इथे मला कोणी फार विचारत नाही. म्हणजे कामाचं विचारतात, पण भारतातल्या टीमकडून उशीर झाला की टेबलाभोवतीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळतात, जणू ते माझे चुलतभाऊ आहेत. मग मी त्यांची बाजू घेते, जोरात घेते. तुम्ही त्यांना निर्णय देता कुठे, म्हणते. त्याच संध्याकाळी ग्रुपवर त्याच लोकांच्या नावाने बोटं मोडते. फायराबेंडनंतर, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर, कोणाचा फोन घ्यायचा नाही हे माझ्या टीमला मी बजावून सांगितलं आहे, दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती कायद्यातच आहे. भारतातून फोन आला तर मी स्वतः उचलते, आणि ते तास कुठेच लिहीत नाही. बेट्रीब्सराटला, म्हणजे कंपनीतल्या कर्मचारी प्रतिनिधींच्या मंडळाला, कळलं तर बोलणी खाईन. पण ती रिंग वाजली नाही तर मला जास्त लागेल, हेही खरं.

भारतातला जो टीम लीड आहे, तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅम, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. हुशार आहे. त्याला ते म्हणायला कोणी शिकवलं तेही मला माहीत आहे, मीही तिथेच शिकले. पुढच्या रिलीजची तारीख मी त्यालाच मागितली. दोन दिवस टाळाटाळ केली, मग दिली, आमच्या प्लॅनपेक्षा तीन आठवडे पुढची. मी ती तशीच घेतली आणि गो / नो-गोच्या, म्हणजे सोडायचं की थांबवायचं हे कोण ठरवणार त्या, रकान्यात त्याचं नाव घातलं. माझ्या इथल्या साहेबांनी विचारलं, तिथे तुझं नाव नको का? त्याच्या तिथल्या साहेबांनी विचारलं, तिथे माझं नाव नको का? दोघांना एकच मेल पाठवला आहे: तारीख त्याने दिली आहे, थांबवायचं झालं तर तोच थांबवेल, आणि कमिटीपुढे मी उभी राहीन. अजून दोघांचंही उत्तर आलेलं नाही.