खुलासा : सावळ्या बायका आणि चेहरा ओळखणारं यंत्र
फोंड्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत संदेश फिरतोय : ‘चेहरा ओळखणारं यंत्र दर तीन सावळ्या बायकांतल्या एकीला दुसरीच कोणीतरी ठरवतं, हे सिद्ध झालंय.’ तसं सिद्ध झालेलं नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संगणक-संशोधक बायकांनी आफ्रिका-युरोपातल्या १,२७० खासदारांच्या फोटोंवर तीन कंपन्यांची चेहरा पारखणारी सॉफ्टवेअर तपासली. प्रश्न ‘ही कोण?’ नव्हता, ‘बाई की पुरुष?’ एवढाच होता. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांबाबत जास्तीत जास्त ०.८. ही दरी खरी आहे, मला तिचा संताप येतो. म्हणूनच ती चुकीची सांगू नये. शाळेत मुलांची हजेरी चेहऱ्यावरून घेणार असतील, तर आधी विचारा : आपल्या गोव्यातल्या चेहऱ्यांवर हे तपासलंय का?